२३ मिनिटांवरून साडेतीन मिनिटांवर: जेनेसिस बदलला कसा?

जुलै १९८६. अमेरिकेतल्या सिंगल्सच्या यादीत पहिल्या क्रमांकावर ‘इन्व्हिजिबल टच’ हे गाणं होतं. बँड जेनेसिस. पुढच्याच आठवड्यात त्याला मागे टाकून ‘स्लेजहॅमर’ पहिलं आलं. ते गाणारा पीटर गेब्रिएल हा जेनेसिसचाच मूळ गायक, अकरा वर्षांपूर्वी बँड सोडून गेलेला. दोन्ही गाणी ठेक्यावर पाय हलवायला लावणारी, रेडिओवर दिवसभर वाजणारी. आणि हीच मंडळी १९७२ मध्ये एकत्र बसून ‘सपर्स रेडी’ नावाची सात भागांची, सुमारे २३ मिनिटांची रचना करत होती. तिची सुरुवात घरातल्या एका साध्या संध्याकाळी होते आणि शेवट बायबलमधल्या प्रलयानंतरच्या नव्या जेरुसलेममध्ये.

या प्रवासाचं एक सोपं स्पष्टीकरण गेली चाळीस वर्षं फिरतं आहे: गेब्रिएल गेला, ड्रमर फिल कॉलिन्स गायला लागला आणि बँड बाजारू झाला. मला हे स्पष्टीकरण पटत नाही. एक तर कॉलिन्स १९७० पासूनच बँडमध्ये होता, म्हणजे ‘सपर्स रेडी’चे ड्रम त्यानेच वाजवलेत. दुसरं म्हणजे कला सांभाळायला बाहेर पडला असं ज्याच्याबद्दल म्हटलं जातं, त्या गेब्रिएलनेही त्याच उन्हाळ्यात पॉपचं शिखर गाठलं. एका माणसाच्या आवडीनिवडीपेक्षा मोठं काहीतरी इथे घडलं आहे. माझ्या मते त्याचं मूळ गाणी बनवण्याच्या पद्धतीत आहे. खोलीत किती माणसं बसली, कोण काय घेऊन आलं, समोर कोणतं यंत्र चालू होतं, हे बदलत गेलं आणि त्याबरोबर गाणी बदलली.

पण आधी, जेनेसिस ज्या प्रवाहातून आला ते प्रोग्रेसिव्ह रॉक, थोडक्यात ‘प्रॉग’, म्हणजे काय, ते पाहू.

१९६० च्या दशकाच्या अखेरीस इंग्लंडमधल्या काही तरुण वादकांना रॉकचा ठरलेला साचा अपुरा वाटू लागला. मुखडा, अंतरा, पुन्हा मुखडा, मध्ये गिटारचा एक तुकडा, आणि तीन मिनिटांत गाणं संपलं. त्यांना पाश्चात्त्य शास्त्रीय संगीत, जॅझ, चर्चमधली स्तोत्रं, लोकगीतं असं सगळं रॉकमध्ये आणायचं होतं. आपल्याकडच्या श्रोत्याला हा फरक लगेच कळेल: विलंबित ख्यालाची मैफल आणि जुन्या ७८ आरपीएमच्या तबकडीवर तीन मिनिटांत बसवलेली तीच बंदिश. राग तोच, गळाही तोच, पण तबकडीत सावकाश बढत करायला जागा नसते, मुखडा लगेच समोर यावा लागतो. प्रॉगवाल्यांना तबकडीतून बाहेर पडायचं होतं. त्यांच्या हाती आला एलपी, ज्याच्या एका बाजूवर वीस-पंचवीस मिनिटांचं संगीत मावतं. ‘फॉक्सट्रॉट’ या अल्बमची दुसरी बाजू ‘सपर्स रेडी’ने जवळजवळ एकटीने व्यापली आहे. तिच्याआधी फक्त बँडचा गिटारवादक स्टीव्ह हॅकेटचा गिटारवरचा एक छोटा तुकडा येतो.

जेनेसिसचा जन्म सरे परगण्यातल्या चार्टरहाउस या खासगी निवासी शाळेतला, १९६७ चा. गेब्रिएल, कीबोर्डवर टोनी बँक्स, बास आणि गिटारवर माइक रदरफर्ड, गिटारवर अँथनी फिलिप्स. सगळे किशोरवयीन. पहिला अल्बम १९६९ मध्ये आला आणि विरून गेला. नाव बायबलवरून घेतलेलं असल्यामुळे काही दुकानांनी तो धार्मिक संगीताच्या कप्प्यात ठेवला होता. पुढच्या वर्षी फिलिप्स बाहेर पडला, कारण त्याला रंगमंचाची भीती वाटायची. मग जाहिरात वाचून कॉलिन्स आला, १९७१ च्या सुरुवातीला हॅकेट आला आणि पाच जणांचा प्रसिद्ध संच तयार झाला.

हा संच काम कसा करायचा, हे नीट पाहायला हवं. त्यांची लांब गाणी बहुतेक वेळा तुकडे जोडून होत. एकाकडे गिटारची एक धून, दुसऱ्याकडे पियानोवरचा स्वरसमूह, दोघांनी मिळून केलेला तिसरा भाग. हे तुकडे एकमेकांना कसे जोडायचे, एका स्वरातून दुसऱ्यात कसं जायचं, यावर दिवस दिवस वाद होत. बँक्स आणि रदरफर्ड बारा तारांच्या गिटारी एकत्र छेडत, त्यावर हॅकेटची गिटार, खाली ऑर्गन, वर बासरी. आवाजांचे एवढे थर असले की रचना आपोआप लांबते. ताल तर हवे तसे वळत. ‘सपर्स रेडी’मधला एक भाग नऊ मात्रांचा आहे. तिथे बास आणि ड्रम एका ठाम आकृतीला धरून बसतात आणि बँक्सचा ऑर्गन त्यावर आपल्याच हिशेबाने फिरतो. सम कुठे आहे हे शोधता शोधता श्रोता हरवतो आणि शेवटी गेब्रिएलचा आवाज आला की अंगावर काटा येतो. मी ही रचना किती वेळा ऐकली असेल, सांगता येणार नाही. तिथला काटा अजून गेलेला नाही.

गाण्यांचे विषयही असेच: भूत झालेला मुलगा, पुराणकथा, इंग्लंडच्या बदलत्या समाजावरचं भाष्य. गेब्रिएल प्रत्येक पात्रासाठी वेगळा वेश घालायचा, कधी लाल झगा आणि कोल्ह्याचं डोकं, कधी चेहऱ्याभोवती फुलाच्या पाकळ्या. १९७४ चा ‘द लँब लाइज डाउन ऑन ब्रॉडवे’ हा दुहेरी अल्बम म्हणजे न्यूयॉर्कमधल्या राएल नावाच्या तरुणाची एकच सलग कथा. त्याचा दौरा शंभरहून अधिक कार्यक्रमांचा आणि खर्चिक होता. टाळ्या खूप मिळाल्या, तरी बँडच्या डोक्यावर कर्ज होतंच. त्या दौऱ्यानंतर, १९७५ मध्ये, गेब्रिएल गेला.

लोकांना वाटलं, संपलं. प्रत्यक्षात पुढचा अल्बम ‘अ ट्रिक ऑफ द टेल’ इंग्लंडच्या यादीत तिसऱ्या क्रमांकापर्यंत पोचला. गायकासाठी बऱ्याच चाचण्या घेऊन झाल्यावर शेवटी कॉलिन्सच गायला आणि संगीत होतं तसंच राहिलं, लांब, गुंतागुंतीचं, बँक्सच्या छापाचं. म्हणजे गायक बदलल्याने बँड पॉपकडे वळला, हे या एका अल्बमनेच खोटं ठरतं. १९७६ च्या अखेरीस आलेला ‘विंड अँड वदरिंग’ही असाच.

खरी कलाटणी मिळाली ती १९७७ मध्ये हॅकेट गेल्यावर. आपल्या रचनांना पुरेशी जागा मिळत नाही, ही त्याची तक्रार होती. तो गेला तेव्हा गिटारवादकच गेला एवढं नव्हे, थर रचणारा एक हात गेला. रदरफर्डला आता स्टुडिओत बास आणि मुख्य गिटार दोन्ही वाजवावी लागली. तो स्वतःला गिटारचा तालमींनी घडलेला एकल वादक मानत नव्हता. त्यामुळे लांब, गाणारे गिटारचे तुकडे कमी झाले, ठसठशीत छोटे रिफ, म्हणजे पुन्हा पुन्हा येणारे गिटारचे लहान तुकडे, वाढले. १९७८ च्या अल्बमवर अकरा गाणी आहेत आणि सगळ्यात लांब गाणं सात मिनिटांच्या आसपास आहे. अल्बमच्या नावाचा अर्थच ‘आणि मग उरले तिघे’ असा होता.

त्या अल्बमवरचं शेवटचं गाणं ‘फॉलो यू फॉलो मी’ इंग्लंडमध्ये सातव्या क्रमांकावर गेलं. ते जन्मलं कसं, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. रदरफर्डचा एक रिफ, तिघे मिळून त्यावर वाजवत बसले आणि गाणं झालं. शब्द रदरफर्डने लिहिले, साधे, ‘तू आणि मी’ असे. ना पात्र, ना कथा. बँडच्या मैफलींना तोवर बहुतांशी तरुण मुलगे यायचे, या गाण्यानंतर मुलीही येऊ लागल्या, असं बँडचे लोक पुढे सांगत आले आहेत. बाहेर इंग्लंडमध्ये पंकची, म्हणजे छोट्या, वेगवान, रांगड्या रॉकची लाट होती आणि लांबलचक प्रॉगची टिंगल चालली होती. पण पंकला घाबरून हे गाणं झालं असं मला वाटत नाही. पंकशी त्याचं काडीचं नातं नाही. तिघांना कळलं ते एवढंच: घरून पूर्ण रचना घेऊन येण्याऐवजी एका खोलीत बसून एकत्र वाजवलं तर काहीतरी वेगळं, हलकं निघतं.

यानंतर कॉलिन्सचा संसार मोडायला आला. कुटुंब वाचवायला तो कॅनडात व्हँकूव्हरला गेला, ते जमलं नाही, परत आला. दरम्यान बँक्स आणि रदरफर्डने आपापले स्वतंत्र अल्बम केले आणि साठवलेल्या रचना त्यात खर्च केल्या. रिकाम्या घरात कॉलिन्सकडे पियानो होता, टेपरेकॉर्डर होता आणि रोलंड कंपनीचं सीआर-७८ हे छोटं ड्रम मशीन होतं. तोवर ज्याची गीतकार म्हणून फारशी ओळख नव्हती, तो माणूस एकट्याने, दुःखात, गाणी लिहायला लागला. ‘इन द एअर टुनाइट’ त्यातलंच.

ड्रम मशीनने काय बदललं? पूर्वी ड्रमर वाजवेल तेव्हा ताल चालू व्हायचा आणि ड्रमर वाजवत असताना गाऊ शकायचा नाही, निदान मोकळेपणाने नाही. आता बटण दाबलं की ठेका सुरू, तो तासभर थकत नाही. कॉलिन्स ड्रमपासून सुटला. तो माइकसमोर उभा राहून अर्थ नसलेल्या अक्षरांत गुणगुणू लागला, बँक्स स्वर बदलत राहिला, रदरफर्ड गिटार छेडत राहिला, टेप फिरत राहिली. मग टेप पुन्हा ऐकायची आणि चांगला तुकडा उचलायचा. या पद्धतीत चाल आधी येते, गळ्यातून येते. सारखा फिरणारा ठेका सहसा चार मात्रांचा असतो, त्यामुळे नऊ किंवा तेरा मात्रांकडे जायची ओढ कमी होते. स्वर सावकाश बदलतात, कारण तिघांना एकमेकांचा अंदाज घ्यायचा असतो. लांब रचनेला लागतो तो एकट्याने आखलेला आराखडा इथे नसतोच. पॉपचे बरेच गुण या खोलीत आपोआप तयार होतात, कुणी ठरवलं नाही तरी.

१९८० चा ‘ड्यूक’ या दोन पद्धतींच्या मधोमध उभा आहे, आणि मला सगळ्यात जास्त आवडणारा अल्बम तोच. त्यातली सहा गाणी मुळात मिळून जवळपास अर्ध्या तासाची एक सलग रचना होती. लोक तिची तुलना ‘सपर्स रेडी’शी करतील म्हणून तिघांनी ती तोडली आणि तुकडे अल्बमभर पसरले. त्यातला एक तुकडा म्हणजे ‘टर्न इट ऑन अगेन’, जो सिंगल म्हणून इंग्लंडमध्ये आठव्या क्रमांकावर गेला. हे गाणं हाताने मात्रा मोजत ऐका. अंतऱ्याचं आवर्तन तेरा मात्रांचं आहे, सहा अधिक सात. रेडिओवर ते सरळ रॉक वाटतं, पण टाळी वाजवणारा माणूस हमखास चुकतो. याच अल्बमवर कॉलिन्सने घरी लिहिलेली दोन गाणीही आहेत, त्यातलं ‘मिसअंडरस्टँडिंग’ अमेरिकेत १४ व्या क्रमांकावर गेलं. आणि इंग्लंडमध्ये पहिल्या क्रमांकावर गेलेला हा जेनेसिसचा पहिला अल्बम.

आता आवाजाबद्दल. गाण्याची चाल बदलली तरी कानाला पहिल्यांदा जाणवतो तो नाद, आणि जेनेसिसच्या ऐंशीच्या दशकातल्या नादाची गोष्ट गेब्रिएलच्याच एका अल्बमपासून सुरू होते. त्याच्या तिसऱ्या स्वतंत्र अल्बमसाठी कॉलिन्स ड्रम वाजवायला गेला होता. लंडनच्या टाउनहाउस स्टुडिओत ह्यू पॅजम ध्वनिमुद्रण करत होता. तिथल्या मिक्सिंग टेबलला एक माइक जोडलेला होता, वादकांनी खोलीत कुठूनही बोललं तरी काचेपलीकडच्या लोकांना ऐकू यावं एवढ्याचसाठी. कुजबुज आणि ओरडा दोन्ही सारखेच ऐकू यावेत म्हणून त्यावर कॉम्प्रेसर लावलेला असे, म्हणजे मोठा आवाज दाबणारं आणि त्यामुळे लहान आवाज वर आणणारं यंत्र. कॉलिन्स वाजवत असताना हा माइक चालू राहिला आणि खोलीचा सगळा घुमारा ड्रमच्या ठोक्यामागे उसळून आला. पॅजमने त्यावर नॉइज गेट लावला. हे गेट ठरावीक पातळीखाली आवाज गेला की दार बंद केल्यासारखा तो तोडतं. परिणाम असा की ठोका प्रचंड मोठ्या दालनात पडल्यासारखा फुगतो आणि विरण्याआधीच कापला जातो. गेब्रिएलने त्या अल्बमवर झांजा नकोत असा आग्रह धरला होता, त्यामुळे ठोक्यांभोवती मोकळी जागाही होती. १९८१ मध्ये ‘इन द एअर टुनाइट’मध्ये शेवटाकडे येणारे ते ड्रम याच तंत्राचे. त्यानंतर हा ठोका दशकभर जगाच्या पॉपमध्ये घुमला.

पॅजमला मग जेनेसिसनेही बोलावलं. सरेमधल्या चिडिंगफोल्ड गावी बँडने एक जागा विकत घेऊन स्वतःचा स्टुडिओ उभारला होता, नाव ‘द फार्म’. स्टुडिओचं भाडं तासावर चढत नसेल तर माणूस कागदावर सगळं लिहून आणत नाही. तो येतो, बसतो, वाजवतो. १९८१ चा ‘अबकॅब’ तिथे झाला. त्याचं नावच कामाच्या पद्धतीतून आलं आहे: गाण्याच्या भागांना ए, बी, सी म्हणत ते उलटसुलट जुळवताना एका टप्प्यावर हा क्रम झाला होता. जुन्या जेनेसिससारखं वाटेल ते बाजूला ठेवायचं, असं तिघांनी ठरवून टाकलं होतं. ‘नो रिप्लाय अ‍ॅट ऑल’मध्ये तर अर्थ, विंड अँड फायर या अमेरिकन बँडचे ट्रम्पेट आणि सॅक्सोफोनवाले वाजवतात. जुने चाहते चिडले. नेदरलँड्समधल्या एका मैफलीत नवी गाणी सुरू झाल्यावर प्रेक्षकांनी हुर्यो उडवली.

‘अबकॅब’वर प्रत्येकाचं एकेक स्वतंत्र गाणं तरी होतं. १९८३ च्या अल्बमवर तेही नाही, सगळी गाणी तिघांच्या नावावर. तिथल्या ‘मामा’चा ड्रम मशीनवरचा ठेका गिटारवादक रदरफर्डने बसवलेला आहे. तो गिटारच्या अ‍ॅम्प्लिफायरमधून काढल्यामुळे असा खरखरीत, भीतिदायक येतो. खाली खर्जाचा एकच सूर बराच वेळ धरलेला आणि वर बँक्सचे स्वर बदलत जातात. ‘सपर्स रेडी’मधल्या नऊ मात्रांच्या भागातही हीच युक्ती होती. इंग्लंडमध्ये ‘मामा’ चौथ्या क्रमांकावर गेलं, तिथलं त्यांचं सर्वांत यशस्वी सिंगल. इतकं अस्वस्थ करणारं गाणं लोकप्रिय व्हावं, याचा मला आजही आनंद वाटतो.

बाहेरचं जगही या काळात बदलत होतं. १९७० च्या आसपास अमेरिकेतल्या एफएम केंद्रांवर निवेदक अल्बमची अख्खी बाजू लावायचे. दशक संपेपर्यंत कोणतं गाणं वाजवायचं हे सल्लागार ठरवू लागले. ऑगस्ट १९८१ मध्ये एमटीव्ही सुरू झालं. इतर प्रॉगवाल्यांनीही वाट बदलली: एशिया या नव्या बँडचा पहिला अल्बम १९८२ मध्ये अमेरिकेत पहिला आला, येस या जुन्या प्रॉग बँडचं ‘ओनर ऑफ अ लोनली हार्ट’ हे गाणं १९८४ च्या सुरुवातीला. यात पैशाचा विचार नव्हता, असं म्हणणं भाबडेपणाचं ठरेल. ‘टुनाइट, टुनाइट, टुनाइट’ हे १९८६ च्या ‘इन्व्हिजिबल टच’ अल्बमवरचं गाणं मिकलोब बिअरच्या जाहिरातीत वाजलं. अल्बमवर ते पावणेनऊ मिनिटांचं आहे, सिंगलवर साडेचार मिनिटांचं. मधला वाद्यांचा भाग कापलेला. ज्याने रेडिओवर ऐकलं त्याला अर्धंच गाणं माहीत आहे.

त्या अल्बमवरची पाच गाणी अमेरिकेत पहिल्या पाचांत गेली. दोष एकट्या कॉलिन्सवर टाकणाऱ्यांनी त्यांचे शब्द कोणी लिहिले ते पाहावं. ‘लँड ऑफ कन्फ्यूजन’ आणि ‘थ्रोइंग इट ऑल अवे’चे शब्द रदरफर्डचे. हाच रदरफर्ड पुढे माइक अँड द मेकॅनिक्स या आपल्या दुसऱ्या बँडबरोबर १९८९ मध्ये अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेला. आणि याच अल्बमवर बँक्सच्या शब्दांचं ‘डॉमिनो’ आहे, दोन भागांचं, दहा मिनिटांहून मोठं.

हरवलं काय? माझ्या लेखी दोन गोष्टी. बारा तारांच्या गिटारींचं ते कोवळं विणकाम, आणि हॅकेटचं ‘फर्थ ऑफ फिफ्थ’मध्ये ऐकू येतं ते लांब, रडवेलं गिटारवादन. ही दोन्ही परत आली नाहीत. शब्दांतली कथाही पातळ झाली. ‘इन्व्हिजिबल टच’ हे शीर्षकगीत मला चकचकीत पण पोकळ वाटतं, आणि ‘इन टू डीप’ मी न ऐकताच पुढे जातो.

१९९१ च्या ‘वी कान्ट डान्स’मध्ये मात्र माध्यमाने पुन्हा साथ दिली. सीडीवर सत्तर मिनिटांहून जास्त संगीत मावत होतं. त्यामुळे ‘आय कान्ट डान्स’सारख्या हलक्या गाण्याशेजारी रेल्वेचे बोगदे खोदणाऱ्या कामगारांवरचं ‘ड्रायव्हिंग द लास्ट स्पाइक’ आणि ‘फेडिंग लाइट्स’ अशी दहा दहा मिनिटांची दोन गाणी बसली.

नव्याने ऐकणाऱ्याने सुरुवात ‘ड्यूक’पासून करावी, असं मला मनापासून वाटतं. तो आवडला तर मागे ‘सेलिंग इंग्लंड बाय द पाउंड’कडे जा, आणि मगच ‘सपर्स रेडी’ला बसा, फोन बाजूला ठेवून. पुढे जायचं असेल तर ‘मामा’, त्यानंतर त्याच अल्बमवरचं ‘होम बाय द सी’ आणि त्याला जोडून येणारा दुसरा भाग, दोन्ही सलग. तिथे शब्द थांबल्यावर तिघे कितीतरी वेळ नुसते वाजवत राहतात. ठेका यंत्राइतका सरळ आहे आणि बँक्सचे स्वर १९७२ सारखे वळणं घेतात.